देशी दांडा, कंपनीचा दांडा

धुळ्याहून शिरपूरला जाणाऱ्या एका खासगी मोटरीवर मी कंडक्टर होतो. माझं नुकतंच लग्न झालं होतं. गळ्यातल्या चामड्याच्या पिशवीमुळे सासरी समज असा की जावई सरकारी माणूस आहे. तो दूर करायची मला घाई नव्हती.

मोटरीच्या मालकांना सगळे नाना म्हणत. स्वराज्य येताच त्यांनी साहेबी टोप पेटीत टाकला, खादीची टोपी घातली आणि मोटरीवर तिरंगा रंगवून घेतला. इंजिन विलायतीच राहिलं. त्याच रस्त्यावर त्यांच्या चुलतभावाची मोटर धावे. दोघांत अबोला होता. बोलायचं ते हॉर्न बोलत. सोनगीरच्या किल्ल्याखालच्या चढावर चुलतभावाची गाडी आम्हाला बहुतेकदा मागे टाकी आणि त्या दिवशी नानांना जेवण जात नसे.

शेवटी नानांनी इंजिनाची ताकद वाढवायचं ठरवलं. मिस्त्रीने इंजिन उघडलं, हेड म्हणजे वरचं झाकण घासलं, जाडे पिस्टन बसवायला घेतले. तेव्हा एक कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. पिस्टनची वरखाली उडी चाकं फिरवणाऱ्या क्रँकपर्यंत पोचवणारा हा दांडा. तो बदलणं भागच होतं.

"कंपनीचा मागवू," ड्रायव्हर म्हणाला. "बर्मात आम्ही दुसरा हातात धरत नव्हतो." लढाईत तो लष्करी ट्रक चालवून आला होता आणि त्याचं प्रत्येक मत बर्मामार्गे येई. त्यामुळे ते कुणी ऐकत नसे.

"मुंबईहून यायला महिना जाईल," मिस्त्री म्हणाला. "भुसावळला माझा साडू आहे. जन्म लोखंडात गेलाय त्याचा. असा दांडा घडवेल, की नाना, इंजिन मोडेल पण दांडा मोडणार नाही!"

नानांना हे फार आवडलं. दांडा घडून आला. समोरच्या किराणा दुकानात गुळाच्या तराजूवर एकीकडे कंपनीचा जुना, दुसरीकडे भुसावळचा नवा ठेवला. नव्याचं पारडं धाडकन खाली बसलं.

"बाकीचे हलके आणि हा एकटाच जड," ड्रायव्हर म्हणाला. "इंजिन थरथरेल."

"घासून वजन सारखं करू," मिस्त्री कानस शोधू लागला.

"हात लावू नको!" नाना गरजले. "आपलं देशी लोखंड शे, ते कमी कसाले करानं? जड शे म्हनजे पक्कं शे!"

दुकानदारानेही मान डोलावली. जड मालाबद्दल त्याला पहिल्यापासून आदर होता.

गाडी सुटायच्या दिवशी बॉनेटला हार घातला. गल्लीतल्या पुढाऱ्याने स्वावलंबनावर भाषण केलं. भाषणभर त्याने रॉडला पिस्टन म्हटलं, पण टाळ्या पडल्या. मग आम्ही निघालो. ताकद होती, खोटं कशाला बोलू? पण खिडक्या दात वाजवल्यासारख्या वाजत होत्या, आणि तिकीट फाडताना माझा हात आपोआप हलत होता. सोनगीरच्या चढावर आम्ही चुलतभावाची गाडी मागे टाकली. नानांनी खिडकीतून त्याला टोपी उंचावून दाखवली.

तेवढ्यात खालून तोफेसारखा आवाज झाला. रस्ताभर तेल सांडलं. दांड्याचे बोल्ट तुटून तो इंजिनाची भिंत फोडून बाहेर डोकावत होता.

मागून चुलतभाऊ आला. त्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि कैक वर्षांनी नानांशी पहिलं वाक्य बोलला, "जागा शे. या बठ्ठा."

बठ्ठे, म्हणजे सगळे उतारू, त्याच्या गाडीतून गेले. नाना हलले नाहीत. पगार त्यांचा असल्याने मीही उन्हात बसून राहिलो. संध्याकाळी मिस्त्री आला, वाकून बघितलं आणि अभिमानाने म्हणाला, "बघा, दांडा शाबूत आहे!"

पुढे मुंबईहून इंजिनाचा नवा ब्लॉक आणि कंपनीच्या रॉडचा अख्खा संच आला. नानांनी त्यावर भाषण ठेवलं नाही. पण गाडी काय पळू लागली! तेलाच्या धारेसारखी अलगद. ड्रायव्हर बर्मा विसरला. आम्ही प्रत्येक थांब्यावर वेळेआधी पोचू लागलो, आणि तिथे चिटपाखरू नसे. लोक मोटर येण्याच्या अंदाजाने भाकरी बांधायला घेत. आम्ही निघून गेल्यावर ते रस्त्यावर येत आणि चुलतभावाच्या खडखडत्या गाडीत बसून जात. एकदा एका अक्कांनी मला बाजारात गाठलं.

"मी लुगडं बदलीसन उनू, तवलोंग तुनी गाडी गयी बी! कोन मांगे लागेल शे तुमना?"

कोण मागे लागलंय, हा सवाल मी नानांपर्यंत पोचवला. नानांनी हुकूम काढला की बैलगाडी दिसली तर तिच्या मागेच राहायचं. एवढं देखणं इंजिन कडब्याच्या गाडीमागे रांगताना ड्रायव्हरचा चेहरा पाहवत नसे. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली.

मग सरकारी मोटरी आल्या आणि दोन्ही भावांच्या गाड्या बंद पडल्या. भांडायला धंदाच उरला नाही, तेव्हा दोघे बोलू लागले. भागीत पिठाची गिरणी काढायचं चाललंय असं मी ऐकलं. ती चालली की नाही ठाऊक नाही. तोवर मी जळगावला कापडाच्या दुकानात लागलो होतो.