जानेवारीतला पंखा

नीराचा स्वभाव संशयी. हे तिच्या सासरी ठाऊक होतं, माहेरी तर पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं, आणि तिला स्वतःला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. दूधवाल्याने दूध घातलं की आधी वास, मग बोट, मग जीभ, आणि मग त्याला शुद्ध गुजरातीत विचारणार, "काय रे भाई, आज म्हशीला तहान फार लागली होती का?" बडोद्यातल्या सुभानपुऱ्यात, त्यांच्या सोसायटीत भाजीवाला तिच्या दारात आला की वजनात दोन मिरच्या जास्तच टाकायचा. पण नवऱ्यावर, रमाकांतवर, तिने कधी संशय घेतला नव्हता. निवृत्त होईपर्यंत घर ते विद्यापीठाची कचेरी आणि कचेरी ते घर, असा नाकासमोर चालणारा माणूस. "यांच्यावर संशय घ्यायचा तर आधी यांनी काहीतरी करायला नको का?" असं ती कौतुकाने म्हणायची.

आणि दिवाळीनंतर यांनी काहीतरी करायला सुरुवात केली.

पहिल्यांदा सेव-उसळ सुटली. रविवारी सकाळी स्टीलचा डबा घेऊन स्वतः जाऊन झणझणीत तरी आणणारा माणूस आता डब्याचं झाकण उघडलं की नाक दाबून गॅलरीत जाऊ लागला. मग बाथरूमचा नळ. आत गेले की नळ सोडून द्यायचा, धो धो. त्या आवाजाखाली हे करतात तरी काय, हे नीराला दाराला कान लावूनही कळेना. खिशात आलेपाकाच्या वड्या सापडू लागल्या. बाहेर पडताना तोंडाला वास येऊ नये म्हणून, दुसरं काय!

जन्मभर घरात बनियनवर वावरलेला हा गृहस्थ आता गळ्यापर्यंत बटणं लावून बसायचा, जसा काही पाहुण्यांच्या घरी आलाय. झोपायला हॉलमधल्या दिवाणावर. मध्येच "गोत्रीला काम आहे" म्हणून स्कूटर काढायचा. निवृत्त माणसाला गोत्रीला कसलं आलंय काम? यंदा तर उत्तरायणाला पतंग उडवायला गच्चीवरसुद्धा चढला नाही. ऊंधियुं ताटात तसंच राहिलं आणि मांज्याची फिरकी कपाटात. क्षितिजचा, म्हणजे मुलाचा, पुण्याहून फोन आला तेव्हा बोलता बोलता यांचे डोळे भरून आले. पोरगा नुसतं "बाबा, कसे आहात?" एवढंच म्हणाला होता.

पाणी कुठेतरी मुरत होतं. कुठे, ते त्या दिवशी कळलं, जेव्हा नीराने नारळ ठेवायला स्कूटरची डिकी उघडली. आत इस्त्रीचा शर्ट, नीट घडी घातलेला. आणि शेजारी पावडरचा डबा.

नीरा तिथेच पार्किंगमध्ये मटकन बसली. एवढी वर्षं संसार केला, सासू-सासऱ्यांचं केलं, यांचं पथ्यपाणी केलं, आणि आता म्हातारपणी हा माणूस आपल्या हातून निसटतोय! रागापेक्षा भीतीच जास्त होती. पण भीती कबूल करेल ती नीरा कसली?

संक्रांतीचं हळदीकुंकू वसुंधराकडे होतं. वसुंधरा म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही. नीराने सगळं सांगितलं, फक्त "माझ्या ओळखीची एक आहे" असं म्हणून. शर्टापर्यंत पोचेस्तोवर तिचाच आवाज चिरकला आणि ओळखीची कोण ते खोलीभर कळलं.

"म्हातारचळ!" वसुंधराने तिळगूळ चावता चावता निकाल दिला. "साठी बुद्धी नाठी. शर्ट बदलून जातो, पावडर लावून जातो, अजून काय पुरावा हवा तुला?"

कोपऱ्यात मथुराबाई बसल्या होत्या. नीराच्या आईच्या वयाच्या, फार न बोलणाऱ्या. निघताना दारात चपला शोधत त्या म्हणाल्या, "नीरा, तुझी पाळी जायच्या वेळची आठवण आहे का? तूसुद्धा वेगळी झोपायचीस, उगीच रडायचीस, पर्समध्ये दुसरा ब्लाउज ठेवायचीस. तेव्हा तुझा कोण होता गं?"

नीराला तो टोमणा वाटला. ती फणकाऱ्याने घरी आली आणि हरणीला राहणाऱ्या धाकट्या भावाला, उदयसिंहरावांना, फोन लावून सगळं सांगितलं. "उदय, रविवारी सकाळी ये. तुझ्या भावोजींना जाब विचारायचाय." उदयसिंहराव म्हणजे भरघोस मिशा आणि त्याहून भरघोस आवाज. ते म्हणाले, "ताई, तू फक्त त्या बाईचं नाव काढून ठेव."

रविवार उजाडला. त्या आठवड्यात बडोद्याला कधी नव्हे ती थंडी पडली होती, माणसं कानाला मफलर गुंडाळून दूध आणायला जात होती. नीरा मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थबकली. रमाकांत उघड्या फ्रिजसमोर उभा होता. शर्टाची बटणं काढलेली. छातीपासून लाली चढत चढत मानेवर, मानेवरून कानांवर गेली, आणि बघता बघता कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. त्याने फ्रिजमधला पाण्याचा गार तांब्या उचलला आणि मानेमागे दाबून धरला.

तो तांब्या! तांब्याची ही युक्ती नीराची होती. पाळी जायच्या दिवसांत ती अशीच उभी राहायची, आणि रमाकांत हसायचा, "अगं, तांब्या प्यायला असतो की मानेला लावायला?" बाईकडे जाणारा माणूस असा उभ्या जागी भिजत नाही. मथुराबाईंनी टोमणा मारला नव्हता, खरं ते सांगितलं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

रमाकांत दचकला. घाईने बटणं लावू लागला. "काय कधीपासून? जरा उकडलं म्हणून..."

"बाहेर लोक शेकोट्या पेटवताहेत. आणि मला शिकवू नका, मी कित्येक वर्षं काढलंय हे. बायकांचं दुखणं तुम्हाला कसं झालं?"

तो स्टुलावर बसला. तांब्या मांडीवर घेतला. आणि मान खाली घालून म्हणाला, "प्रोस्टेटची गाठ आहे. कॅन्सरची. पसरलेली नाही म्हणतात. पुरुषाच्या अंगातलं हार्मोन असतं ना, त्यावर ती पोसते. म्हणून ते दाबायची गोळी आहे रोजची. गोळीने मळमळतं, घाम सुटतो, शर्ट पिळून काढावा लागतो. छातीसुद्धा सुजलीय गं. दुखते. तुझ्यासमोर बनियनवर कसा बसू?"

"पण तपासण्या कधी केल्या?"

"डाकोरला देवदर्शनाला म्हणून गेलो होतो ना, तेव्हा."

"डाकोरहून तिथल्या भज्यांचं, गोट्यांचं पीठ आणलं होतंत तुम्ही!"

"ते इथलंच. कोपऱ्यावरच्या दुकानातलं."

एरवी या एका वाक्यावर नीराने घर डोक्यावर घेतलं असतं. पण आज नाही. तिला वाटलं, बाई असती तर किती बरं झालं असतं. बाईशी भांडता आलं असतं, झिंज्या उपटता आल्या असत्या. ती ओट्याला धरून उभी राहिली आणि हमसून हमसून रडली. रमाकांत "अगं, अगं" एवढंच म्हणत राहिला.

मग तिने पदराने नाक पुसलं, आणि तिचा मूळ स्वभाव जागा झाला. "डॉक्टरांना मळमळीचं सांगितलंत?"

"ते विचारतात, केम छो काका? मी म्हणतो, मजामा."

"मजामा!" नीराने कपाळावर हात मारला. "नळ सोडून ओकताय आणि मजामा! दुखणं सांगायला जाता की लग्नाला जाता तिथे?"

"आणखी एक आहे," तो चाचरत म्हणाला. "परवापासून गोळी घेतली नाही मी. नकोच वाटतं ते. जगायचं तर पुरुषासारखं जगावं, नाहीतर..."

"नाहीतर काय? मला पांढऱ्या कपाळाने ठेवून जाणार?" नीराचा आवाज चढला. "मी नाही जगले? माझं सगळं आटलं तेव्हा मी बाई उरले नव्हते का? लावा फोन. आत्ता."

रविवार असूनही डॉक्टरांनी फोन उचलला. नीराने फोनला कान चिकटवला. काका, मनाने बंद करायची नाही हं, ते सांगत होते. पोटात काहीतरी घालून मग घ्या, मळमळीवर वेगळं औषध देता येतं, छातीवरही उपाय आहे, उद्या या. पण आधी का नाही बोललात? नीराने फोन हिसकावला. "साहेब, हुं एमनी वाइफ बोलुं छुं. हवेथी एमने नहीं, मने पूछजो!" यापुढे यांना नाही, तिला विचारायचं, हे ऐकून पलीकडे डॉक्टर हसले.

तिने मऊ भात टाकला, दही घालून, लिंबाच्या लोणच्याच्या फोडीबरोबर थोडा थोडा खायला लावला. मग गोळी. रमाकांतने गिळली.

"जीभ दाखवा."

"नीरा!"

"जिभेखालची बाजू. डाकोरला जाऊन आलेल्या माणसावर माझा विश्वास नाही."

त्याने मुकाट्याने जीभ वर केली. मग म्हणाला, "क्षितिजला मी सांगेन, माझं मी. पण बाकी कुणाला कळू देऊ नकोस. मी शरमेने मरेन गं."

आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. नीराला आत्ता आठवलं. उदय!

उदयसिंहराव स्वेटर, मफलर आणि चढवलेल्या मिशांसह सोफ्यावर बसले. भावोजींकडे रोखून पाहत म्हणाले, "काय भावोजी, तब्येत?"

"मजामा," रमाकांत म्हणाला, आणि नीराने त्याच्याकडे डोळे वटारले.

"गोत्रीच्या फार चकरा होतात म्हणे."

रमाकांतने तोंड उघडलं, आणि नेमकी लाली चढली. छाती, मान, कान. घाम भुवयांवरून ओघळून हनुवटीवर आला. उदयसिंहरावांनी मांडीवर थाप मारली. "या थंडीत घाम फुटला तुम्हाला! ताई, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते..."

रमाकांतने नीराकडे पाहिलं. तशी नजर तिने त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती.

नीरा उठली आणि पंखा फुल्ल करून ठेवला.

"अगं ताई, थंडी काय, पंखा काय!"

"मला उकडतंय." तिने शाल काढून खुर्चीवर टाकली. "माझं ते जुनं दुखणं पुन्हा उलटलंय, उदय. घाम, मळमळ, सगळं. रात्री पंखा लागतो म्हणून हे बिचारे हॉलमध्ये झोपतात. गोत्रीला माझ्या औषधाला जातात. डिकीतला शर्टही मीच ठेवलाय, भर पावसात भिजू नयेत म्हणून."

"जानेवारीत पाऊस?"

"ठेवलाय म्हटलं ना."

"मग फोनवर जे सांगत होतीस ते?"

"मी संशयी आहे, तुला जन्मापासून माहीत आहे. सकाळपासून यांना फैलावर घेतलंय, घाम फुटणार नाही तर काय होणार? चूक माझी. यांच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही."

उदयसिंहराव गडगडून हसले. "भावोजी, हिच्याबरोबर एवढी वर्षं काढलीत, तुमचा तर सत्कार करायला हवा!" मग मफलर आणखी आवळून, गार झालेली तिळाची पोळी दोन घासांत संपवून ते "या थंडीत मारशील मला" असं म्हणत निघाले. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत हरणीभर आणि उद्या वसुंधरापर्यंत जाणार, नीराला पक्कं ठाऊक होतं.

दार लावून ती परत येऊन बसली. पंखा घरघरत होता. तिच्या हातांवर काटा आला होता.

"बंद कर तो," रमाकांत म्हणाला. "दात वाजताहेत तुझे."

"तुमचं ओसरलं?"

"नाही अजून."

"मग राहू दे."