भरावावरचा कुंदा

सन एकोणीसशे त्रेसष्ट. माझं वय तेव्हा एकोणतीस, आणि वरवट बकालकडच्या शिवारात माझ्या नावावर एकच वावर, नाल्याला लागून. शाळा म्हणाल तर तिसरी. पण ते वावर वाचायला मला पुस्तक लागत नव्हतं. माझ्या बापानं त्यातला कुंदा खणता खणता कंबर मोडून घेतली. कुंदा म्हणजे गवतच, पण वर दिसतं तेवढं नाही. काळ्या मातीत त्याची मुळी खोल जाते, आडवी पळते, आणि एक कांडी राहिली तरी पुढच्या साली कपाशीच्या उरावर बसते. उन्हाळ्यात बाप खणायचा, माय मागून मुळ्या वेचायची आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाळायची. राख होईस्तोवर तिथून हलायची नाही. कुंद्यावर तिचा भरवसा नव्हता. माझाही नाही. खरं सांगायचं तर माणसांवरही माझा फारसा नाही.

गावची गाडीवाट माझ्या वावराजवळ नाला ओलांडायची. नांदुऱ्याला कापूस जायचा तो याच वाटेनं. सरकारनं नाल्यात नळ टाकून वर मातीचा भराव केला होता. आदल्या पावसाळ्यात तो फुटला, आणि जाता जाता माझ्या वावराचा लचका तोडून घेऊन गेला. उन्हाळ्यात पुन्हा भराव घातला. त्याच्या उतारांवर दगड बसवतील म्हणून मी वाट पाहत होतो. आमच्या भागात कुत्र्याला हाणायला दगड सापडत नाही, तो सातपुड्याच्या पायथ्याहून आणावा लागतो. मृग लागला तरी दगड आला नाही. आला तो पुण्याकडचा ओव्हरसियर, आणि त्याच्यामागं मजूर आणि गाडीभर कुंद्याच्या मुळ्या.

"हे काय होय, साहेब?"

"कुंदा. दोन्ही उतारांवर लावायचा. मुळ्या माती धरून ठेवतात, पाटील. पाणी वरून गेलं तरी भराव राहतो."

"आन दगड कोनं खाल्ला?"

मजूर हसले. साहेब हसला नाही. "दगड मंजूरच नव्हता."

मला तर आणखीच शंका आली. चोर कधी म्हणतो का, माल होता म्हणून?

नाल्याच्या पलीकडं माझ्या चुलतभावाचं वावर. ते भरावापासून लांब, मधे पडीत. माझं वावर त्यानं दोनदा विकत मागितलं होतं. तो साहेबाशेजारी उभा राहून मान डोलवत होता.

"लावू दे ना बे," तो मला म्हणाला. "तुह्या बापाचं काय जाते?"

"माह्या बापाचंच जाते, दादा. त्याची कंबर गेली."

मला सगळं दिसायला लागलं. वावरात कुंदा शिरला की पीक जाईल, पीक गेलं की वावर पडीत, आणि पडीत मागायला हा तयारच. भरावाचं जे टोक माझ्या वावराला भिडत होतं, तिथं मी आडवा बसलो. "इथं लावाचा असंन तं पयले मले गाडा, मंग लावा."

उन्हं कलली तरी मी उठलो नाही. शेवटी साहेबानं माझ्याकडचा तुकडा तसाच उघडा सोडला, बाकी सगळीकडं कुंदा लावला. तेवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. भराव आणि वावर यांच्या मधे मी एकट्यानं कंबरभर चर खणला, मुळी पलीकडं येऊ नये म्हणून.

"काऊन रे, विहीर खंदून राह्यला काय?" चुलतभावानं विचारलं.

"हाव. तुले उडी माराले."

पुढच्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी नाला भरून आला. नळ पुरले नाहीत, पाणी भरावावरून वाहू लागलं. मी माझ्या काठाला उभा, चुलतभाऊ त्याच्या. जिथं कुंदा होता तिथं गवत आडवं झालं, पण माती जागची हलली नाही. माझ्याकडचा उघडा तुकडा मात्र ढेकळा-ढेकळानं सुटत होता. तो गेला असता तर वाट गेली असती, आणि वाटेमागं माझं वावर. संध्याकाळी पाणी ओसरलं तेव्हा तिथं कसाबसा हातभर भराव उरला होता.

"तुह्याकूनच खचला बे!" चुलतभाऊ पलीकडून ओरडला.

"नालाच वाकडा हाय!" मी ओरडलो.

तो हसला. त्या हसण्यात काय होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

परतताना मी चराच्या कडेनं वावर पाहिलं. कपाशीच्या ओळीत कुंद्याचं एक हिरवं पातं होतं. चराच्या अलीकडं. म्हणजे माझी शंका खोटी नव्हती. आणि साहेबाचं म्हणणंही खोटं नव्हतं, पण हे मी घरात कोणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. पोळ्याला बैल वावरात जात नाही, माणूसही जात नाही, म्हणून पाहणारं कोणी नव्हतं. सकाळीच कुदळ घेऊन मी गेलो. तो कुंदा मुळीसकट, एक कांडी मागं न ठेवता खणून काढला. मायची आगकाडी खिशात होती, ती काढली नाही. मुळ्या भरावाच्या उघड्या तुकड्यावर नेल्या, ओल्या मातीत एकेक दाबल्या, वरून पाय दिला, आणि बैल सजवायला घरी आलो.