दोरीवरच्या हत्तीचे संगीत

उतारवयात लिहायला बसलेल्या माणसाने आरंभ तरी आनंदाच्या प्रसंगाने करावा, असे मला घरच्यांनी सुचवले. तसे प्रसंग माझ्याजवळ नाहीत असे नाही. परंतु लेखणी हाती घेतली की दर वेळी एका रविवारची दुपारच आधी पुढे येते, आणि ती सांगितल्यावाचून दुसरे काही सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे वाटत राहते.

मी तेव्हा सोलापुरात इंग्रजी सहावीत होतो. सिनेमा अजून मुका होता. पडद्याखाली डाव्या अंगाला एक पेटीवाला व एक तबलजी बसत आणि वर पाहत पाहत चित्राला साजेसे वाजवत. आमच्या भागातल्या थिएटरात रविवारी दुपारी मुलांसाठी खेळ असे. मुख्य चित्रपटाआधी पाच-सहा मिनिटांची एक फीत दाखवत. तिच्यात माणसे नसत. रेघांनी काढलेली जनावरे चालत, आपटत आणि पुन्हा उठत. मुले खरी येत ती तेवढ्यासाठीच.

त्या वर्षी तिथला पेटीवाला एका नाटक मंडळीबरोबर निघून गेला. थिएटरचे मॅनेजर आमच्या गायनवर्गाच्या मास्तरांकडे आले, आणि मास्तरांनी मला व माझ्या मित्राला पुढे केले. स्वरलिपी लिहिण्यात वर्गात माझा हात धरणारा कोणी नव्हता. मित्राला लिहिण्याचा कंटाळा; पण तो पेटी वाजवू लागला की मास्तर शिकवणे थांबवून ऐकत.

"तीन रविवार या छोट्या फितींना संगीत बसवून दाखवा," मॅनेजर म्हणाले. "जमलं तर पेटीवर कायमचा माणूस तुमच्यातलाच घेईन."

मला ती जागा नको होती. मला मॅट्रिक व्हायचे होते. मित्राचे तसे नव्हते. त्याचे घर विणकरांचे. घरात तेलुगू बोलत, आणि वडिलांना तो नायना म्हणे. नायनांनी त्याला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर पेटीवर पोट भरण्याची सोय झाली तर उत्तम. न झाली तर शाळा सोडून थोरल्या भावाशेजारी मागावर बसायचे. त्याने हे मला एकदाच सांगितले, तेही हसत. पण त्या तीन रविवारांवर त्याचे काय अवलंबून आहे, हे मला पुरते ठाऊक होते.

फीत शनिवारी सकाळच्या गाडीने येई आणि रिकाम्या थिएटरात ती आम्हाला दोनदा पाहायला मिळे. मित्राची रीत साधी होती. तो जनावराच्या फक्त पायांकडे बघे. बदक असो वा बोकड, पाय टेकला की त्याची लय धरायची आणि तिच्यावर चाल बांधायची. पहिल्या रविवारी त्याने बदकाला अशी काही ठुमकत चाल दिली, की मुले बाकांवर उभी राहिली. दुसरा रविवारही तसाच पार पडला. मॅनेजर त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. मी शेजारी वही घेऊन बसलो होतो. माझ्या पाठीवर थाप मारण्याचे कोणाला कारण नव्हते.

तिसऱ्या फितीत एक हत्ती छत्री घेऊन दोरीवरून चालतो आणि शेवटी धाडकन पडतो. शनिवारी मी मात्रा मोजल्या. बरोबर नवव्या आवर्तनाच्या समेवर हत्ती पडत होता. दुसऱ्या वेळीही तसेच. मी दुपारभर बसून सबंध संगीत शाईने लिहून काढले: आठ आवर्तने जपून टाकलेली पावले आणि नवव्याच्या समेवर सगळे स्वर एकदम. संध्याकाळी ते त्याला दाखवले.

"लई झ्याक लिवलंयस," तो म्हणाला. "पन हत्तीला वाचाया येतंय व्हय?"

"चेष्टा नको. उद्या पडद्याकडे पाहूच नकोस. कागद चुकणार नाही."

"तू म्हनतोस तर तसं. शिकलेला तू हाईस, बाबा."

रविवारी इतकी गर्दी लोटली, की आत जितकी मुले तितकीच दाराबाहेर राहिली. त्यांच्यासाठी लगेच दुसरा खेळ लावायचे ठरले. चित्र दाखवण्याचे यंत्र तेव्हा हाताने फिरवत. फिरवणाऱ्याने वेळ वाचवण्यासाठी हाताला वेग दिला. त्या थिएटरात घाई असली की हे नेहमीच होई. पूर्वीचा पेटीवाला आणि माझा मित्र वर पाहून वाजवत, म्हणून ते कधी कोणाला जाणवले नव्हते. माझ्या मात्रा शनिवारच्या होत्या.

सातवे आवर्तन संपण्याआधीच हत्ती पडला. पेटी मात्र हळुवार पावले टाकतच होती.

"ओ पेटीवाले, हत्ती पडला की! वर बघा की जरा!" कोणी तरी ओरडले.

मित्राने मान वर केली. त्याची बोटे आखडून उडी घेण्याच्या बेतात आलेली मला दिसली. त्या एका क्षणात त्याने सर्व सावरले असते. मी कागदावर बोट ठेवले आणि म्हणालो, "इथे बघ." त्याने ऐकले. पुढे सुमारे दोन आवर्तनांनी, हत्ती पट्ट्या बांधून खाटेवर झोपलेला असताना, आमचा धडाका झाला. थिएटर हसून कोसळले. म्हाताऱ्या तबलजींनी हात उचलून घेतले. "अरे बाबा, हाथी तो कबका गिर्‍या ना रे!" ते म्हणाले आणि खेळ संपताच विडी ओढायला मागच्या दाराने निघून गेले.

दुसऱ्या खेळाला नुसता तबलाच ठेवायचे ठरवून मॅनेजर पायरीवर उभे होते.

"लोकांनी हत्तीला हसायचं, ते तुम्हाला हसले. पेटीवर कोण होतं?"

"मी होतो, साहेब," मित्र म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे पाहिले.

वही माझ्या काखेत होती. मॅनेजरही माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही?"

"मी... मी शेजारी बसलो होतो," मी म्हणालो.

हे खोटे नव्हते. आजवर मी केलेल्या विधानांपैकी इतके निर्दोष आणि इतके लाजिरवाणे दुसरे कोणते नसेल.

आम्ही घराकडे निघालो. आमचे रस्ते फुटत होते तिथे तो थांबला. "शेजारी तर बसला हुतास की. बरोबर हाय," तो म्हणाला आणि वळला.

त्या आठवड्यात मी तीनदा थिएटरापर्यंत गेलो. मनात वाक्य जुळवून ठेवले होते. तिसऱ्या खेपेस मॅनेजरांनी मला पाहून विचारले, "काय पाहिजे?" मी पुढच्या रविवारी कोणते चित्र आहे ते विचारले आणि परत आलो. पुढे बाहेरगावचा एक पेटीवाला आला. दसऱ्यानंतर मित्र वर्गात दिसला नाही.

तीनेक वर्षांत बोलपट आला आणि पडद्याखालची ती जागाच गेली. मला, सांगायला संकोच वाटतो, हायसे वाटले. नोकरी लागल्यावर मी एकदा त्याच्या घरी गेलो. क्षमा मागायची म्हणून गेलो होतो. तो मागावर होता. त्याने भावाला सांगून माझ्यासाठी चहा मागवला, माझ्या कचेरीची चौकशी केली. आणि जे बोलायला आलो होतो त्याऐवजी मी म्हणालो, "नाही तरी ती जागा टिकली नसतीच म्हणा."

"न्हाईच टिकली असती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पन तीन वर्सं वाजवलं असतं की मी."

त्याने धोटा उचलला, माग पुन्हा चालू झाला, आणि कामाच्या वेळी परक्याने फार बसू नये म्हणून मी उठलो.