द्राक्षाचं पान

भाचीच्या लग्नात द्राक्षाच्या पानात भात भरून केलेल्या गुंडाळ्या होत्या. शेजारी ऐटबाज पाटी: ‘परदेशातला पारंपरिक पदार्थ. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं भरपूर.’ माझ्या मावशीची हयात द्राक्षबागेत, घडांना ऊन लागावं म्हणून पानं खुडण्यात गेली. तिने गुंडाळी उलगडली, भात खाल्ला आणि पान ताटाच्या कडेला सारलं.

“अगं मावशी, पौष्टिक तर ते पानच आहे!”

“असंल बाई. आमच्याकडं बागेत इतकं औषध मारतात, की पान शेळीलासुद्धा घालत नाहीत.”

माझा घास तोंडातच कडू झाला. पाट्या रंगवणारे आपण. पानावर काय बसलंय, हे खुडणारीलाच ठाऊक. काहीतरी करायचं म्हणून मी द्राक्षांची वाटी तिच्यापुढे सरकवली.

तिने ती तशीच परत सरकवली.