पिवळ्या खोलीतली आत्या

माझ्या आत्याचं अर्धं आयुष्य पिवळ्या उजेडात गेलं. कॉम्प्युटरच्या आत जो हिरवा बोर्ड असतो, त्यावरच्या तांब्याच्या रेघा जिथे उमटवतात, त्या कारखान्यात ती कामाला होती. काम ऐकायला सोपं. तांबं चढवलेल्या शीटवर गरम रोलरने एक पातळ पापुद्रा चिकटवायचा, त्यावर रेघांचं चित्र असलेली फिल्म बेतून ठेवायची आणि यंत्रात सरकवून झगझगीत प्रकाश द्यायचा. प्रकाश लागेल तिथला पापुद्रा घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो, आणि उघडं पडलेलं तांबं पुढे रसायन खाऊन टाकतं. उरतात त्या रेघा. खोलीत साधा पांढरा दिवा लावला, तर सगळाच पापुद्रा घट्ट होऊन बसेल. म्हणून तिथले दिवे पिवळे. त्या उजेडात पांढरं आणि पिवळं सारखंच दिसतं. "आमच्या खोलीत सगळे सोन्याचे," आत्या म्हणायची.

फिल्मखाली एखादा केस जरी राहिला, तरी त्याची सावली पडते आणि रेघ तुटते. म्हणून प्रत्येकाच्या डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात पायघोळ झगा. माणसाचे फक्त डोळे दिसायचे. केसांच्या बाबतीत आत्या पोलिसांच्या वरताण होती. आमच्याकडे आली की आधी माझ्या खांद्यावरचा केस उचलायची आणि मग कशी आहेस म्हणून विचारायची.

टेबलाच्या पलीकडे, तिच्या समोर, माझी आई असायची. नणंद-भावजय एकाच यंत्रावर! आत्यानेच आईला तिथे चिकटवून दिलं होतं आणि दोघींचं चांगलं गूळपीठ होतं. मग एकदा फिल्मखाली लांबसडक केस निघाला. आत्याने तो चिमट्यात धरून सगळ्या खोलीला दाखवला. "हा आमच्या वहिनीचा! एवढा शेपटा दुसऱ्या कुणाचा आहे इथे?" लोक खो खो हसले. आई हसली नाही. तिने टोपी कानांपर्यंत ओढली आणि आत्याशी अबोला धरला.

माफी मागेल तर ती आत्या कसली! दोघी समोरासमोर उभ्या राहून रोलरवाल्या काकांमार्फत बोलायला लागल्या. "काका, त्यांना सांगा, उजवा कोपरा धरा म्हणावं." काकांनी तोंड उघडायच्या आत आईने कोपरा धरलेला असायचा. सुटीला दोघी एकाच दाराने बाहेर पडत, मास्क काढत, एकमेकींकडे ओझरतं बघत आणि माना फिरवत. काम मात्र चोख चाललं होतं.

मग बोर्ड परत यायला लागले. कुठे ना कुठे एखादी रेघ तुटलेली. साहेबांनी आत्यालाच धारेवर धरलं, कारण टेबल तिचं. या खेपेला केस नव्हता, कसला तरी बारीक धागा होता. तिने काच पुसली, फिल्म पुसली, यंत्राचा कानाकोपरा पुसला. धागे येतच राहिले. शेवटी तिने हातातलं काम ठेवलं आणि नुसती समोर बघत उभी राहिली.

आई बाहीवरून मनगट खाजवत होती. शीट सरकवायची, खाजवायचं, फिल्म उचलायची, पुन्हा खाजवायचं. झग्याच्या बाहीचा काठ पार उसवला होता आणि त्याचे तंतू खाली पडत होते. सापडला चोर! सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं काहीतरी आत्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आईचं काम कधीच असं ढिसाळ नव्हतं. आत्याने ते शब्द गिळले आणि काकांना मध्ये न घालता विचारलं, "वहिनी, कधीपासून खाजतंय?"

आई दचकली. "काही कळत नाही हो, वन्सं. सगळं अंगच खाजतं. जेवण जात नाही. उभं राहवत नाही." बोलता बोलता ती टेबलाला टेकली.

आत्याने यंत्र बंद केलं, आईच्या दंडाला धरून तिला बाहेर नेलं, खिडकीशी उभं केलं आणि तिचा मास्क खाली ओढला. डोळे स्वच्छ पांढरे दिसत होते.

"झालं समाधान?" आई म्हणाली. "चला, काम पडलंय."

आत्या हलली नाही. त्या खोलीतून बाहेर आलं की थोडा वेळ सगळं जग निळसर दिसतं, पिवळेपणा डोळ्यांना कळतच नाही, हे तिला ठाऊक होतं. रोज सुटीला तिने असल्याच डोळ्यांनी आईला पाहिलं होतं, आणि तेही क्षणभर.

"थांब जरा," ती म्हणाली. "माझे डोळे ताळ्यावर येऊ देत."

ती बघत राहिली. खिडकीबाहेरची निळसर भिंत हळूहळू पांढरी झाली. आईचे डोळे मात्र पिवळे होत गेले.

"अगं बाई," एवढंच आत्या म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. कावीळ इतकी हळू चढली की घरात आम्हालाही कळली नव्हती. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, आई बरी झाली, पुन्हा त्याच टेबलाशी जाऊन उभी राहिली. आत्याने त्या केसाबद्दल माफी काही मागितली नाही. पण त्यानंतर रोज सुटीला दाराबाहेर पडलं की ती आईची वाट अडवून तिच्या डोळ्यांत बघत उभी राहायची. बाकीचे बसमध्ये जाऊन बसायचे, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा.

"वन्सं, पुरे आता, बस सुटेल," आई म्हणायची.

"सुटू दे," आत्या म्हणायची. "अजून निळीच दिसतेस."