पाचवे शील

पौर्णिमेच्या संध्याकाळी पालमच्या विहारात लिंबाजीमामांनी पाचवे शील म्हटले. त्याच आठवड्यात ते गेले.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ; गवंडीकाम करत. वंदनेला नेहमी पुढच्या रांगेत बसत. त्यांचा आवाज लागला की मागे कुजबुजणारेही सुरात येत. पंचशीलातली चार शीले ते खणखणीत म्हणत. पाचवे, म्हणजे दारूपासून दूर राहण्याचे, आले की तोंड मिटून घेत. मी एकदा कारण विचारले. म्हणाले, "चौथं काय हाय? खोटं बोलायचं न्हाई. मग पाचवं कोणत्या तोंडानं म्हणू? भाच्या, तू एवढाली पुस्तकं वाचतूस, तूच सांग."

सकाळी चहाची कपबशी त्यांच्या हातात वाजायची. पोटात थोडी गेली की हात स्थिर होत आणि मग ते थापी धरत. पुढे जेवण कमी झाले, पायांवर सूज दिसू लागली. भाजीत मीठ जास्त झाले म्हणून रात्री ताट भिरकावत आणि सकाळी तेच ताट घासून मामींपुढे ठेवत.

"रातचा माणूस म्या न्हवतो," ते म्हणत.

"मग कोण व्हता, शेजारचा?" मामी विचारत. "त्याला सांगा, ताटाला आता पोचे पडायला जागा न्हाई."

त्यांची लेक सुजाता बाळंतपणाला माहेरी आली. पहिल्याच दिवशी तिने वडिलांना सांगून टाकले, "दादा, पिऊन आलात तर लेकरू तुमच्या हातात देणार न्हाई." पौर्णिमेला सकाळपासून त्यांनी घेतली नाही, आणि संध्याकाळी पाचवे शील म्हटले. वंदना संपल्यावर लोक एकेक करून त्यांना जयभीम करून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचे अंग थरथरू लागले, घामाने अंथरूण भिजले. झोप नव्हतीच. मी गेलो तेव्हा ते भिंतीवरच्या मुंग्या वेचत होते. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. आम्हाला वाटले, अंगातली दारू निघते आहे, निघू द्यावी. शेजारचा एक जण म्हणाला, "घोटभर पाजा, उतार पडंल." मामी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "शील घेतलंय त्यांनी." आतून मामाही म्हणाले, "पाजू नका रे. लेकरू घ्यायचंय मला."

दुपारी त्यांना फिटचा झटका आला. जीपने परभणीला नेले. दवाखान्यात पोहोचल्यावर थोड्याच वेळात ते गेले.

डॉक्टरांनी सांगितले, वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकते. ती औषधे देऊन, नजरेखाली ठेवून सोडवावी लागते. दारूने माणूस मरतो हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. हे मात्र कोणालाच माहीत नव्हते.

मामींनी विचारले, "म्हंजी पाजायला पायजे व्हती का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "सोडायची ठरवली तेव्हाच इकडं आणायला पाहिजे होतं."

सुजाताला मुलगी झाली. ती आता चालते. वस्तीत कोणी दारू सोडायची म्हणाला, की मामी त्याला आधी परभणीच्या एसटीत बसवतात आणि स्वतः त्याच्या शेजारी बसतात.