मोट शिवणारा दगा आणि कंपाउंडातली रिकामी खोली

धुळे, १९ जानेवारी १९५५

ही वही वाचायला नेणाऱ्या मित्रांची आधी माफी मागतो. दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही. शाळेत परीक्षा घ्यायच्या होत्या असे सांगता येईल, पण खरे कारण आळस.

गेल्या आठवड्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी बोलावले. नरडाण्याच्या पलीकडे एका खेड्यात दगा नावाचा, विहिरीचे पाणी ओढायच्या कातडी मोटा शिवणारा कारागीर प्रभूवर विश्वास ठेवू लागला होता. त्याला बायको-मुलीसह धुळ्याला आणायचे, मिशनच्या कंपाउंडात खोली द्यायची, बोर्डिंगात शिपाई म्हणून लावायचे आणि मग बाप्तिस्मा. आमच्याकडे शिष्य असाच होतो. गावात राहिला तर भावकी त्याला परत ओढते, असे सगळे म्हणतात. माझे वडीलही बैलगाडीत बसून असेच कंपाउंडात आले, म्हणून तर मी कॉलेजात गेलो. तेव्हा मी खुशीत निघालो.

कोणाला जायचे असल्यास आग्रा रोडने शिरपूरकडे जाणारी सकाळची एस.टी. धरावी. भाडे परवडते, धूळ फुकट. नरडाण्याला फुटाणे-गूळ घ्यावा, कारण पुढे दोन तास पायी. आणि चपला नीट बघून निघावे. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा वाटेतच तुटला आणि धर्मगुरूंचा दूत गावात लंगडत शिरला.

दगा निंबाखाली मोटेची सोंड शिवत बसला होता. चार हात लांब तीन शेतकरी आपापल्या मोटा घेऊन ताटकळत होते. दगाने माझ्या हातातली तुटकी चप्पल घेतली, मांडीखाली दाबून शिवू लागला आणि तोंडाने गोष्ट पुढे चालू ठेवली.

"मंग धाकला पोऱ्या बठ्ठं उडाईसन घर उना. बाप काय करी, सांगा."

"जोडा हानी!" एक म्हातारा म्हणाला.

"जोडा दिधा ना आबा. पन पायमा घालाले."

सगळे खो खो हसले. आबाही हसले. मग हातातली मोट खाली ठेवून म्हणाले, "मना धाकला सुरतले शे. तीन वरीस व्हयनात, चिठ्ठी नही. उना तं मी कोनता जोडा देसू, माले सांगता येस नही."

पंधरा वर्षे मी बायबलातली उधळ्या पुत्राची हीच गोष्ट गावोगाव गॅसबत्ती नेऊन, पडद्यावर चित्रे दाखवून सांगतो आहे. मला कधी कोणी असे उत्तर दिले नाही. प्रश्न विचारून मी थांबलो होतो का, हे आठवून पाहिले. नव्हतो.

मग मी माझा निरोप सांगितला. दगा काही बोलायच्या आत दुसरा शेतकरीच उसळला. "लई जा मास्तर! पन मोट कोन शिवी? मना गव्हाले पानी तुमना पाळक पाजी का?"

दगाविषयी त्यांना फार माया होती असे नव्हे. त्याच्या हातची मोट चालते, त्याला मात्र विहिरीवर चढू देत नाहीत. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला आहे, पण विहिरीपर्यंत पोचलेला नाही. त्याला तिथून काढावे असे वाटण्याला माझ्याकडे चांगले कारण होते.

संध्याकाळी त्याच्या घरी वांग्याचे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. असे भरीत धुळ्यात मिळत नाही, खोटे कशाला बोला. दगाची बायको सखू वाढता वाढता म्हणाली, "माले धुळाले येनं शे. पोर शिकी."

"मी उनू तं ह्या म्हातारासले कोन सांगी?" दगा म्हणाला. "मास्तर येतस वरीसमा एकदाव, गॅसबत्ती लईसन."

मला ठसका लागला. सखूने पाणी दिले आणि हसून सांगितले की मिरची जरा तेजच आहे.

मुलींच्या बोर्डिंगात परगावच्या मुलीही राहतात, आईबापांनी कंपाउंडात यायलाच हवे असे नाही, हे मी तेव्हा बोललो. आधी का बोललो नाही? पाळकसाहेबांनी सांगितले नव्हते, आणि मी विचारले नव्हते.

"मंग पोर जाई, आम्ही आठेच," सखूने इथेच राहायचा निकाल दिला.

"बाप्तिस्मा बी आठेच, नदीमा," दगा म्हणाला. "बठ्ठास्नी देखाले पाहिजे."

"आनि मंग कोनी मोट लयना नही तं?" तिने विचारले. तिच्या आवाजात आता हसू नव्हते.

"लयतीन. गहू वाट देखस नही."

मी हो म्हणालो नाही. वर विचारतो, एवढेच म्हणालो. ते वाक्य मला अजून टोचते आहे.

दुसऱ्या दिवशी नरडाण्याहून पॅसेंजरने जळगाव. डब्यात केळीचे घड आणि त्यांच्यामध्ये माणसे. जळगावला आमचे जुने उपदेशक नाना असतात. त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "अरे, आपण दिवा पेटला की उचलून बंगल्यात आणतो, आणि मग प्रार्थना करतो की प्रभो, खेड्यात फार अंधार आहे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की चष्मा पडला. त्यांनीही आयुष्यभर तेच केले, हेही त्यांनीच सांगितले.

परतीची एस.टी. पारोळ्याला बराच वेळ थांबते. किल्ल्याचा तट बघता बघता गरम भजी खावी. मी दोनदा खाल्ली.

घरी पोचलो तर बायको दारातच. "एकटेच? मी खोली सारवून, चूल मांडून ठेवलीय!"

सगळे ऐकून ती म्हणाली, "मी जन्मापासून याच कंपाउंडात. आपला विश्वास दुसऱ्या कोणाला सांगायची माझ्यावर कधी वेळच आली नाही. शेजारी सगळे आपलेच." मग आत जाऊन माझे पान वाढू लागली.

गावाने उद्या दगाला वाळीत टाकले तर त्यात माझा हात असेल. त्याला इथे आणून फाटकाशी बसवले तरी असेलच, फक्त ते कोणाला दिसणार नाही. आजवर मी ज्यांना आणले त्यांच्यापैकी कोणालाही, यायचे की गावातच राहायचे, हे विचारले नव्हते. दगाने न विचारता सांगितले. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टी काढून त्या निंबाखाली आठ दिवस बसावे आणि फक्त ऐकावे, असे मनात आहे. दगाने शिवलेली चप्पल मात्र नवीपेक्षा मजबूत झाली आहे.

उद्या: शाळेआधी पाळकसाहेबांकडे जाऊन दगाचा बाप्तिस्मा त्याच्या गावच्या नदीत मागणे.